पावसाचा हिशेब मातीत : सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र आणि रब्बी ज्वारीचा शेतकरी

उत्तरा नक्षत्र निघाले की सोलापूर, मंगळवेढे, मोहोळ, बार्शी, करमाळा या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. जून-जुलैचा पाऊस त्याने पाळीवर पाळी घालून जमिनीत जिरवून ठेवलेला असतो. आता पाभर केव्हा धरावी, कोणते बी चाड्यात टाकावे आणि किती टाकावे, हे त्याला पंधरा-वीस दिवसांच्या आत ठरवावयाचे असते. या एका निर्णयावर त्याच्या घरातील वर्षाची भाकरी आणि दावणीच्या जनावरांचा वर्षाचा कडबा अवलंबून असतो. पेरणी साधली नाही तर दुसरी संधी नाही, कारण हस्ताचा पाऊस सरला की पुढील पीक केवळ मातीतील ओलीवर वाढावयाचे असते.

हा निर्णय शेतकऱ्याने एकट्याने, केवळ अंदाजावर घ्यावयास नको, यासाठीच सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र उभे आहे. केंद्र पाऊस पाडू शकत नाही. परंतु पडलेला पाऊस मातीत किती राहिला आणि तो कोणत्या पिकास किती दिवस पुरेल, हा हिशेब ते शिकवू शकते. तो शिकून घेण्याचे काम शेतकऱ्याचे आहे आणि तो त्याच्या बांधापर्यंत पोहोचविण्याचे काम ग्रामकार्यकर्त्याचे आहे.

दुष्काळाने दिलेला धडा

दख्खनच्या पठाराचा हा पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री ओलांडताना नैर्ऋत्येकडील वाऱ्यांतील बाष्प बरेचसे घाटमाथ्यावरच पडून जाते आणि पुढील मैदानास थोडाच पाऊस मिळतो. या अवर्षणप्रवण विभागात वर्षाला साधारणतः ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. तोही सलग पडत नाही. जून-जुलैत एक भर येतो, मध्यंतरी दीर्घ उघडीप पडते, आणि सप्टेंबरात दुसरा भर येतो. हा दुसरा भर हुकला की रब्बी हंगाम धोक्यात आला, असे समजावे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस, १८९६ ते १९०० च्या दरम्यान, पडलेले दुष्काळ या भागाने भोगलेले आहेत. त्या काळी सरकारी मदत येई ती खडी फोडण्याच्या कामाच्या रूपाने. शेतातील पीक दुष्काळातही थोडेफार कसे तगवावे, याचा शास्त्रीय विचार मात्र पुढे अनेक वर्षे झाला नाही.

तो विचार १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे लहान प्रमाणावर सुरू झाला. पुढे शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय पातळीवर कृषि संशोधन परिषद स्थापन झाली. या परिषदेच्या साहाय्याने १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे केंद्र निघाले. विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथेही अशीच केंद्रे उघडली गेली. सोलापूरच्या कामाशी एन. व्ही. कानिटकर यांचे नाव निगडित आहे. कोरडवाहू शेतीवरील त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

केंद्राने हाती घेतलेला पहिला प्रश्न साधा होता : शेतात पडलेले पाणी जाते कोठे? उतारावरील शेताच्या खालच्या बाजूस हौद बांधून वाहून आलेले पाणी आणि त्याबरोबर आलेली माती मोजण्यात आली. पावसाचा मोठा वाटा जमिनीत न मुरता वाहून जातो आणि जाताना जमिनीचा सर्वांत सुपीक थर बरोबर नेतो, हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत असे. आता ते मापात आले. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. एका चांगल्या सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर हेक्टरी अडीच लाख लिटर पाणी शेतावर येते. त्यातील थोडा अंश जरी जास्त जिरला, तरी पोटरीतील पिकास तो जीवदान देतो.

मुंबई कोरडवाहू पद्धती

या प्रयोगांतून जी शिफारस तयार झाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ या नावाने ओळखली जाते. उताराला आडवे बांध घालून पाणी अडवावे. दर तीन वर्षांनी एकदा जमीन खोल नांगरावी, दरवर्षी नांगरण्याची आवश्यकता नाही. शेणखत द्यावे, कारण त्याने मातीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते. पावसाळ्यात प्रत्येक उघडिपीत कुळवाची पाळी घालून तण मारावे आणि जमिनीचा वरचा थर भुसभुशीत ठेवावा. पेरताना बी कमी वापरावे व दोन ओळींतील अंतर वाढवून १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर, ठेवावे. पीक उभे असताना तीन-चार वेळा कोळपणी करावी.

यातील कोणतीही गोष्ट महाग नव्हती. नांगर, कुळव, पाभर आणि कोळपे ही अवजारे शेतकऱ्याकडे होतीच. बी कमी टाकावयाचे असल्याने उलट बचतच होत होती. तरीही ‘बी कमी टाका’ हा सल्ला स्वीकारणे शेतकऱ्याला जड गेले. दाट पेरणी म्हणजे भरघोस पीक, अशी समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. परंतु मातीतील ओल ठरावीक असते. तिच्यावर ताटांची संख्या वाढविली की प्रत्येक ताटाच्या वाट्याला पाणी कमी येते. सारी ताटे जोमाने वाढीस लागतात आणि ऐन दाणे भरण्याच्या वेळी सारीच उपाशी राहतात. हे शेतकऱ्याला तोंडी सांगून पटत नव्हते. एकाच शेतात अर्धी दाट आणि अर्धी विरळ पेरणी शेजारी शेजारी करून दाखविली, की पौष-माघात त्याला ते आपल्या डोळ्यांनी दिसत असे. प्रात्यक्षिकाचे महत्त्व या ठिकाणी आहे.

बांधाने शिकविलेली नम्रता

केंद्राची शिफारस ही ब्रह्मवाक्य नव्हे, हेही या केंद्राच्या इतिहासावरून शिकावयास मिळते. मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि सोलापूर, विजापूरकडील दुष्काळी मुलखात समतल बांधांचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. हलक्या आणि मध्यम जमिनींत या बांधांचा लाभ झाला. पाणी थांबले, जिरले, मातीची धूप कमी झाली.

परंतु खोल, भारी काळ्या जमिनींतून निराळीच तक्रार येऊ लागली. या चिकण मातीत पाणी अतिशय सावकाश मुरते. जोराचा पाऊस झाला की बांधाच्या वरच्या अंगास पाणी तुंबून राही. तेथील पीक पिवळे पडे, पेरणी लांबे, आणि कोरड्या दिवसांत मातीला भेगा पडून कमकुवत झालेला बांध पुढील मोठ्या पावसात फुटून जाई. शेतकरी कुरकुरत होता आणि त्याची कुरकुर रास्त होती. पुढील अभ्यासातून असे ठरले की, अशा भारी जमिनींत समतल बांधांऐवजी किंचित ढाळ असलेले बांध घालावेत व जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढून गवत असलेल्या नाल्यात सोडावे. ते पाणी शेततळ्यात साठविता आले तर अधिकच उत्तम.

ग्रामकार्यकर्त्याने ही हकीकत विसरू नये. एका जमिनीस लागू पडलेली शिफारस दुसऱ्या जमिनीस लागू पडेलच असे नाही. ‘तुमची शिफारस माझ्या रानात चालली नाही’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला अडाणी समजून गप्प बसविणे ही चूक होय. त्याच्या रानात उतरून ती का चालली नाही हे पाहावे आणि केंद्रास कळवावे. शिफारशी सुधारतात त्या अशाच तक्रारींतून.

मालदांडी : शेतकऱ्याचे बी, केंद्राची निवड

केंद्रातून शेतकऱ्याकडे ज्ञान जाते, हे सर्वजण जाणतात. शेतकऱ्याकडूनही केंद्राकडे काही येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मालदांडी ज्वारी. हे वाण परदेशातून आणलेले नाही किंवा प्रयोगशाळेत घडविलेले नाही. या भागातील शेतकरी पिढ्यानुपिढ्या जी स्थानिक मालदांडी पेरीत आले, तिच्यातून सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवड करण्यात आली. तीच ‘मालदांडी ३५-१’ म्हणून प्रसिद्धीस आली. मोत्यासारखा टपोरा पांढरा दाणा, गोड व मऊ भाकरी, जनावरे आवडीने खातील असा कडबा आणि कमी ओलीतही तग धरण्याची शक्ती, या गुणांमुळे महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही हे वाण पसरले.

१९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात आले आणि खरीप ज्वारीचा चेहरामोहरा बदलला. रब्बीत मात्र मालदांडीने आपली जागा दीर्घकाळ सोडली नाही. शेतकरी नवे स्वीकारावयास तयार नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. तो केवळ दाण्याचे वजन पाहत नव्हता. भाकरी कशी होते, बाजारात दाण्याला भाव काय मिळतो, आणि कडबा किती व कसा निघतो, हे सारे तो एकत्र तोलून पाहत होता. अवर्षणाच्या वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्याची किंमत त्याला अधिक वाटते, कारण दावणीचे जनावर विकावे लागले तर पुढील हंगामाची मशागतच थांबते. शेतकऱ्याचा हा हिशेब पुढील संशोधनात धरला गेला. म्हणूनच आज रब्बी ज्वारीच्या नव्या वाणांची पारख करताना दाण्याबरोबर कडब्याचे उत्पादन आणि भाकरीची प्रत हीही पाहिली जाते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानामध्ये तेथील काळ्या जमिनीचा वाटा आहे, तसाच ते बी जतन करणाऱ्या शेतकऱ्यांचाही आहे.

माती किती खोल, हे आधी पाहावे

१९६८ मध्ये राहुरी येथे कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर सोलापूरचे केंद्र विद्यापीठाच्या कक्षेत आले. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूरचा समावेश झाला. पाठोपाठ १९७२ चा भीषण दुष्काळ आला. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावर जिल्ह्याच्या काही भागात कालव्याचे पाणी खेळू लागले व ऊस उभा राहिला. तथापि कालवा जेथे पोहोचत नाही, असे विस्तीर्ण रान आजही पावसाच्या पाण्यावरच पिकते. तेथील शेतकऱ्यास या सर्व संशोधनातून मिळालेली सर्वांत उपयुक्त गोष्ट कोणती, असे विचारल्यास एका वाक्यात सांगता येईल : वाण निवडण्यापूर्वी जमिनीची खोली मोजावी.

रब्बी ज्वारी मातीत साठलेल्या ओलीवर जगते. माती हा तिचा हौद होय. हौद उथळ असेल तर पाणी लवकर संपते, खोल असेल तर दाणे भरेपर्यंत पुरते. म्हणून सर्व जमिनींत एकच वाण पेरणे हे लहान व मोठ्या घागरीतून सारखेच पाणी मिळेल अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. हे लक्षात घेऊन जमिनीच्या खोलीनुसार वाणांची शिफारस करण्यात आली आहे. सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे एक फूट खोलीपर्यंतच्या हलक्या जमिनीसाठी लवकर तयार होणारी फुले अनुराधा आणि फुले माऊली ही वाणे योग्य होत. दोन फुटांपर्यंतच्या, म्हणजे ६० सेंटीमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, फुले माऊली, परभणी मोती आणि मालदांडी ३५-१ ही वाणे आहेत. त्याहून खोल अशा भारी जमिनीसाठी फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती व पी.के.व्ही. क्रांती यांची शिफारस आहे. ओलिताची सोय असल्यास फुले रेवती घ्यावी.

खोली मोजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक पहार आणि एक कुदळ पुरे. शेताच्या वरच्या अंगास, मध्यभागी आणि खालच्या अंगास असे तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणावे आणि काळ्या मातीचा थर फूटपट्टीने मोजावा. एकाच मालकाच्या एकाच गटात वर एक फूट आणि खाली ओढ्याकडे तीन फूट माती आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा रानात वरच्या पट्ट्यात एक वाण आणि खालच्या पट्ट्यात दुसरे पेरावे. ग्रामकार्यकर्त्याने बियाण्याच्या पिशव्यांबरोबर पहारही गावात न्यावी. वाणाचे नाव सांगण्याआधी माती दाखवावयास सांगावे.

पेरणीपासून काढणीपर्यंत

जमीन ओळखल्यानंतर पुढील कामे क्रमाने येतात. पावसाळ्यात उताराला आडवी मशागत करून शेतात लहान सपाट वाफे किंवा सरी-वरंबे पाडून ठेवावेत. त्यामुळे सप्टेंबरातील पाऊस पडल्या जागी जिरतो. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा योग्य काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा होय. त्यापूर्वी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो आणि त्यानंतर पेरल्यास वरच्या थरातील ओल उडून उगवण विरळ होते. हलक्या जमिनीतील ओल आधी संपते, म्हणून तेथील पेरणी प्रथम उरकावी आणि भारी जमिनीकडे नंतर वळावे.

हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी सुमारे ४ किलो बियाणे पुरेसे आहे. काणी रोगापासून बचावासाठी एक किलो बियाण्यास ३०० मेश गंधकाची भुकटी ४ ग्रॅम या प्रमाणात चोळावी. गंधकाचा खर्च अगदी किरकोळ असतो, परंतु ते न चोळल्यास कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर व विरळणीनंतर दोन ताटांत १५ सेंटीमीटर अंतर राखल्यास हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात. पेरणी दोन चाड्यांच्या पाभरीने करावी. एका चाड्यातून बी व दुसऱ्यातून खत एकाच वेळी पडते आणि खत ओलीत, मुळांच्या आवाक्यात जाते. आता ट्रॅक्टरवर चालणारी अशा प्रकारची पेरणीयंत्रेही आहेत, तत्त्व मात्र तेच आहे. कोरडवाहू पिकास वर फेकलेले खत कोरड्या मातीतच पडून राहते, हे ध्यानात ठेवावे. खताची मात्राही जमिनीप्रमाणे बदलते. हलक्या जमिनीस हेक्टरी २५ किलो नत्र पुरे. मध्यम जमिनीस ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, तर भारी जमिनीस ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद द्यावे.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने जाणते शेतकरी म्हणत आले आहेत. या म्हणण्यास शास्त्राचाही आधार आहे. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली कोळपणी करावी, तिने तण मरते. दुसरी पाच आठवड्यांनी करावी. आठ आठवड्यांच्या सुमारास, जमिनीला भेगा पडू लागताच, दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी करावी. काळ्या जमिनीच्या भेगा म्हणजे ओल बाहेर पडण्याच्या वाटा होत. त्या बुजविल्या नाहीत तर पावसाळ्यात कष्टाने साठविलेली ओल माघापर्यंत टिकत नाही. दाणे भरण्याच्या वेळी ओल संपली की ताटांचे बुंधे आतून पोकळ होतात, पीक लोळते आणि त्यास शेतकरी खडखड्या रोग म्हणतात. विहिरीत किंवा शेततळ्यात एकाच पाण्यापुरता साठा असेल, तर तो पीक पोटरीत असताना, म्हणजे पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी वापरावा.

पाऊस हुकला तर

सर्व वर्षे सारखी नसतात. पाऊस वेळेवर न आल्यास काय करावे, याचा विचारही केंद्राने आधीच करून ठेवलेला आहे. त्यास आपत्कालीन पीक नियोजन असे म्हणतात. त्यातील सूत्र असे की, पाऊस जसजसा लांबेल तसतसे पीक बदलावे, हट्टाने ठरलेलेच पीक पेरू नये. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणीयोग्य पाऊस झाल्यास बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, मटकी अशी पिके घ्यावीत. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतल्यास एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. जुलैच्या उत्तरार्धात बाजरीचा मोह सोडून सूर्यफूल, तूर, एरंडी, हुलगा यांकडे वळावे. ऑगस्टातही पाऊस न आल्यास जमीन रब्बीसाठी राखावी आणि सप्टेंबरच्या पावसावर ज्वारी, करडई, हरभरा पेरावा. करडईचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे भारी जमिनीतील खालची ओल ती ओढून घेते.

हे कोष्टक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर जूनपूर्वीच लागले पाहिजे. ऑगस्टात घाबरलेल्या शेतकऱ्याच्या हाती ते पडून उपयोग नाही, कारण तोपर्यंत बी कोठे मिळणार हा प्रश्न उभा राहिलेला असतो. हवामान खाते व कृषि विद्यापीठे यांच्या सहकार्याने आठवड्यातून दोन वेळा हवामानावर आधारित शेतीसल्ला प्रसिद्ध होतो. तोही फलकावर लावावा व चावडीवर वाचून दाखवावा.

केंद्राचा उपयोग कसा करून घ्यावा

पुष्कळ शेतकरी केंद्रावर एकदाच, शिवारफेरीच्या किंवा मेळाव्याच्या दिवशी जातात. मांडव, भाषणे आणि गर्दी यांत प्रश्न विचारण्याचे राहून जाते. ग्रामकार्यकर्त्याने आठ-दहा शेतकऱ्यांचा लहान गट करून पीक उभे असताना केंद्रावर न्यावा आणि प्रत्येकाने आपल्या रानाची माती, खोलीचे माप व मागील दोन वर्षांतील पिकांची टिपणे बरोबर न्यावीत. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर उपयोगी पडते. ‘ज्वारी कशी करावी’ या प्रश्नास पुस्तकी उत्तर मिळेल. ‘दीड फूट मातीत, उताराच्या रानात, हस्त कोरडे गेले तर काय करावे’ असे विचारणाऱ्यास मात्र त्याच्या शेताचे उत्तर मिळेल.

मातीची तपासणी करावयाची असल्यास नमुना नीट घ्यावा. खत टाकण्यापूर्वी शेतात नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, सुमारे २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा व त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी. झाडाखालची, बांधालगतची, विहिरीजवळची व उकिरड्याची माती घेऊ नये. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत असे करीत जावे. वरची व खालची माती भिन्न असेल तर नमुने वेगळे ठेवावेत.

बियाण्याच्या बाबतीतही केंद्रावर सदैव विसंबून राहण्याचे कारण नाही. संशोधकाने तयार केलेल्या पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित बियाणे तयार होते. संकरित वाणाचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. परंतु येथे उल्लेखिलेली सुधारित वाणे सरळ असल्याने त्यांचे बी शेतकरी घरी राखू शकतो. काढणीपूर्वी उभ्या पिकात हिंडून निरोगी, टपोऱ्या दाण्याची, सारख्या उंचीच्या ताटांवरील कणसे खुणा करून वेगळी काढावीत व त्यांचे बी ठेवावे. तीन-चार वर्षांनी ते बदलून नवे प्रमाणित बी आणावे. मालदांडी जतन झाली ती याच रीतीने.

शेवटी प्रात्यक्षिकाविषयी. गावात प्रात्यक्षिक घ्यावयाचे तर ते सर्वांत उत्तम रानात, सर्वांत सधन शेतकऱ्याकडे घेऊ नये. तेथील पीक पाहून सामान्य शेतकरी ‘त्यांचे काय, त्यांची जमीनच चांगली’ असे म्हणून घरी जातो. मध्यम जमिनीच्या, बेताच्या ऐपतीच्या, परंतु सांगितलेले काम वेळेवर करणाऱ्या शेतकऱ्याकडे ते घ्यावे. शेजारी नेहमीच्या रीतीचा एक पट्टा अवश्य ठेवावा आणि काढणीच्या दिवशी गावकऱ्यांसमोर दोन्हीकडील दाणा व कडबा मोजावा. नव्या रीतीचा पट्टा कमी पडल्यास तेही लपवू नये. त्याचे कारण शोधावे आणि ते केंद्रास लिहून पाठवावे.

१९३३ पासून सोलापूरच्या केंद्रावर पावसाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला जात आहे. त्या हिशेबाची अखेर मात्र केंद्राच्या वह्यांत होत नाही. उत्तरा नक्षत्रात पहार घेऊन स्वतःच्या रानाची खोली मोजणारा शेतकरी आणि त्याच्याबरोबर बांधावर उभा असलेला ग्रामकार्यकर्ता यांनी तो पुढे चालवावयाचा असतो. माघात खळ्यावर रास पडली आणि गंजीस कडबा लागला, म्हणजे तो हिशेब बरोबर होता असे समजावे. कमी पडला, तर कोठे चुकले ते टिपून ठेवावे आणि पुढील जूनपूर्वी केंद्रावर घेऊन जावे.